कोणीतरी आजोबा

संचिता हसली होती. नुसतं ओठांतल्या ओठांत नाही, चांगली दात दाखवून, मान जराशी मागे टाकून हसली होती, आणि ते हसू अजून तिच्या जबड्यात आवळून बसलं होतं. शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना वॉचमनने नेहमीसारखं "टीचर, छुट्टी?" असं विचारलं, तेव्हा मान हलवतानासुद्धा तिला ते जाणवलं. दाढेत काही अडकावं आणि जिभेने कितीही टोकरलं तरी निघू नये, तसं. घर डाव्या हाताला होतं, पाच मिनिटांवर. ती उजवीकडे वळली. जेसल पार्कच्या चौपाटीकडे जाणारा रस्ता शनिवारचा भरलेला होता, पाणीपुरीवाले गाड्या लावत होते, पोरं सायकली भाड्याने घेत होती, आणि तिने स्वतःलाच सांगितलं की आपण कामाला चाललोय. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमासाठी ॲप निवडायचं आहे. मुख्याध्यापिका मॅडमनी सोमवारपर्यंत नाव मागितलं आहे. अंधार पडेपर्यंत खाडीकाठी थांबायलाच हवं, नाहीतर तारे कसे दिसणार. हे सगळं खरं होतं. म्हणूनच ते इतकं सोयीचं वाटत होतं.

शाळेने यंदा विज्ञान दिनासाठी एक लहानसा ड्रोन घेतला होता, तळहातावर मावेल एवढा, राखाडी, घड्या घातलेल्या टोळासारखा. विज्ञान शिकवते म्हणून तो संचिताच्या गळ्यात पडला. ड्रोन आणि आकाश दाखवणारी ॲप, दोन्ही. "तुम्हीच बघा ना, मुलांना काहीतरी मॉडर्न द्या," असं मॅडम म्हणाल्या होत्या. तर आज दुपारी, शाळा सुटल्यावर, डबे खाऊन झाल्यावर, ती, संगणक शिकवणारी हेमाली आणि पी.टी.चे अल्पेश सर अशी तिघंजणं शाळेच्या गच्चीवर गेली. संचिताचा फोन जुना, म्हणून रिमोटला हेमालीचा फोन लावला. पडद्यावर पहिलीच सूचना आली की कंपास कॅलिब्रेट करा. ड्रोन हातात आडवा धरून स्वतःभोवती एक फेरी मारायची, मग त्याचं नाक जमिनीकडे करून आणखी एक. संचिता ओढणी खोचून ड्रोन पुढे धरून हळूहळू गोल फिरायला लागली. "गरबा चालू!" हेमाली टाळ्या वाजवत म्हणाली. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. अल्पेश सर म्हणाले, "टाकीचा अँगल आहे ना मॅडम, लोखंड. इकडे या." मग गच्चीच्या मधोमध, मनगटावरचं घड्याळ काढून, कुर्त्याच्या खिशातल्या किल्ल्या हेमालीकडे देऊन ती पुन्हा फिरली, आणि फिरताना तिला चक्क मजा वाटली. चाळिशीला आलेली बाई, दुपारच्या उन्हात, हातात एक यंत्र धरून आपल्याभोवती फिरतेय, आणि ते यंत्र तिच्याकडून उत्तर दिशा शिकून घेतंय. पडद्यावर हिरवी टिकमार्क आली तेव्हा तिघांनीही "येस!" केलं.

मग तो वर गेला. कुठे डगमगला नाही, हातातून सुटला नाही, वारा असूनही हवेत खिळा मारल्यासारखा उभा राहिला. संचिताच्या अंगठ्यांना ते आपोआप यायला लागलं. पडद्यावर भाईंदर खालून वर उलगडत गेलं: पत्र्याच्या शेडी, निळ्याकाळ्या टाक्या, वाळत घातलेले पापड, केबलचं जाळं, मागे खाडीची चमकती कड. तिने ड्रोन मुद्दाम डावीकडे वळवला. तिला त्यांना आपली बिल्डिंग दाखवायची होती. "ती बघा, ती तुटक्या कठड्याची गच्ची दिसते ना," एवढं म्हणून झालं होतं. पुढचं "ती आमची" हे तोंडात तयार होतं. ड्रोन थोडा खाली घेतला, कॅमेरा वाकवला, आणि टाक्यांच्या मागे, जिथे कोणी कधी जात नाही त्या सांदीत, एक म्हातारा माणूस दिसला. अंगात बनियन, कमरेला पंचा, उघड्या काटकुळ्या पोटऱ्या. तो एक चादर पिळत होता. एक टोक त्याने पाइपाला गुंडाळलं होतं आणि दुसरं दोन्ही हातांनी मुरडत होता, सगळा जीव लावून, दात आवळून. पिवळ्या फुलांची चादर होती. ती फुलं संचिताने स्वतः स्टेशनजवळच्या दुकानात निवडली होती.

बाबांनी वर पाहिलं. आवाज ऐकला असावा. आधी ते बघतच राहिले, हातात मुरडलेली चादर तशीच. मग त्यांनी काय करावं, तर ती ओली चादर उलगडून स्वतःच्या पुढे धरली, आणि धरल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं की जे लपवायचं तेच आपण पसरून दाखवतोय, कारण लगेच त्यांनी तिचा बोळा करून पाठीमागे टाकला आणि टाकीशेजारचा फरशी पुसायचा दांडा उचलून वर उगारला. पडद्यावर ते अगदी लहान दिसत होते आणि कसलाच आवाज येत नव्हता. तोंड मात्र उघडमिट करत होतं. "अरे बापरे, अंकल तो फायर करेंगे!" हेमाली म्हणाली. "कोण आहेत हे? सो क्यूट!" आणि अल्पेश सर पडद्यावर वाकून म्हणाले, "अंकलने रातको बिस्तर गीला किया लगता है. छुपके धो रहे हैं." हेमालीने त्यांच्या दंडावर चापटी मारली, "चूप रे," पण ती हसत होती, सर हसत होते, आणि संचिता हसली. "ओळखता का मॅडम? तुमच्याच साइडला आहे ना?" सरांनी विचारलं. ती म्हणाली, "छे. असतील कोणीतरी आजोबा."

आणि ड्रोन तिने अगदी सफाईने उचलून दुसरीकडे नेला.

चौपाटीच्या कट्ट्यावर बसल्यावरही तिला पहिल्यांदा आठवलं ते हेच, की अंगठा डगमगला नव्हता. असं काही बघितल्यावर माणसाचा हात थरथरतो, काहीतरी होतं. तिचा हात शहाण्या माणसासारखा वागला. नंतरच्या मीटिंगमध्येही ती नीट बोलली, स्नेहसंमेलनाच्या रांगोळीबद्दल मत दिलं, चहा घेतला. समोर खाडीला भरती लागत होती. चिखलाचा तो ओळखीचा वास आला आणि तिने तोंड फिरवलं. कारण गणपती झाल्यापासून घरात, हॉलमध्ये, एक वास येत होता, आणि तो खाडीचा आहे असं तिनेच ठरवून टाकलं होतं. हॉलमध्ये दिवाणावर बाबा झोपतात. आई गेल्यावर ते इकडे आले, मुलीच्या घरी, हे त्यांना आवडलं नव्हतं. मूळच्या रत्नागिरीकडच्या माणसाला जावयाच्या घरात पाणी प्यायलाही अवघड वाटतं. ते येताना स्वतःचं ताट-वाटी घेऊन आले होते. एकदा संचिता जितेशला, म्हणजे नवऱ्याला, सकाळच्या गडबडीत म्हणाली होती, चांगल्या मोठ्या आवाजात, "अरे हॉलमध्ये कसला घाण वास येतो रे, खिडक्या उघड्या ठेवतोस का रात्री?" जितेशने उठून खिडकी लावून घेतली होती. संध्याकाळी ती एक सुगंधी फवारा घेऊन आली आणि टीव्हीखालच्या कपाटावर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, सगळे उठायच्या आत, बाबा तो मारायला लागले. मोगऱ्याचा. ती उठून बाहेर आली की मोगऱ्याचा वास आणि घडी घातलेलं अंथरूण. "माझी चादर मीच धुतो गो, बाईला कशाला," असं ते म्हणाले तेव्हा तिला वाटलं, स्वभाव. टापटिपीचा स्वभाव.

टापटीप तर होतीच. भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते ते आयुष्यभर. स्टीलची भुकटी नाकातोंडात, पापण्यांवर, नखांत. पण घरी येताना कारखान्यातच आंघोळ करून, पांढरा शर्ट चढवून येत. कॉलर कडक. चाळीत सगळ्यांना वाटायचं, हरिश्चंद्र ऑफिसात आहे. त्यांनी ते कधी कोणाला सांगितलं नाही आणि नाकारलंही नाही. रविवारी संध्याकाळी सायकलवर पुढे तिला बसवून राई गावाला नेत. तिथे त्यांच्या कारखान्यातला मित्र होता, सदू, त्याचं घर खाडीच्या बांधाला लागून. सदूकाका तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "पोर हुशार हाय रं तुजी हऱ्या, हिला न्हाय पॉलिशला घालायची." दोघे मित्र बांधावर बिडी ओढत बसत, आणि अंधार पडला की बाबा बोट वर करून तिला दाखवत. तो बघ ध्रुव. सगळ्यांत ठसठशीत, म्हणून तो ध्रुव. अढळ. तो कधी जागा सोडत नाही.

पण तो सोडायचा. तिच्या लक्षात आलं होतं, चौथी-पाचवीत असतानाच. थंडी सुरू होताना तो डोंगराच्या अंगाला खाली असायचा आणि थंडी संपताना पार डोक्याकडे चढलेला. तिने विचारलं होतं, "बाबा, तो हलला." बाबा म्हणाले होते, "तो नाय हलत बाय. आपण हलतो." हे तिला फार आवडलं होतं. तिने ते वर्गात सांगितलं. निशिगंधाबाई होत्या विज्ञानाला. संचिता उभी राहून म्हणाली की ध्रुव हा आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा, मी स्वतः बघते राईला. बाई आधी गालांत हसल्या आणि मग मोठ्याने हसल्या, आणि वर्ग हसला. "अगं तो फिका असतो. आपल्याकडे तर धड दिसतही नाही. कोणी सांगितलं तुला हे?" आणि संचिता म्हणाली, "शेजारच्या काकांनी."

कट्ट्यावर बसून तिने हे आठवलं तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या. ती तेव्हा दहा वर्षांची होती, आणि दहा वर्षांच्या पोरीला कोणी काही म्हणत नाही. पण त्या पोरीला ते उत्तर किती पटकन सुचलं होतं. जणू आधीपासून तयार होतं. त्या दिवसानंतरही ती रविवारी राईला जायची, बाबांनी बोट वर केलं की "हो, ध्रुव," म्हणायची, त्यांची चूक त्यांना कधीच कळू दिली नाही, आणि ह्याला ती आतापर्यंत माया समजत आली. आज तिला वाटलं, ती माया नव्हती. चुकीचं माहीत असलेल्या माणसाला आपण काही सांगत नाही, कारण आपण मनातल्या मनात त्याच्यापासून थोडे दूर जाऊन बसलेलो असतो.

अंधार पडला. तिने फोन काढला, कारण कामासाठी आलो आहोत असं स्वतःला सांगितलं होतं. तीन ॲप घेऊन ठेवली होती. पहिल्याने दोन तारे दाखवले आणि मग साड्यांच्या सेलची जाहिरात लावली, ती बंदच होईना. दुसरं फार देखणं. आकाशात सिंह, विंचू, धनुष्य घेतलेला माणूस, सगळे निळ्या रेघांनी काढलेले, खाली मंद संगीत. पण फोन बाजूला करून बघावं तर वर काही नाही. चौपाटीच्या दिव्यांचा पिवळट धूर आणि त्यात मोजके चार ठिपके. मुलं म्हणतील, टीचर, फोनमध्येच छान आहे, वर कशाला बघायचं. तिसरं साधं होतं, काळ्यावर पांढरं. त्याने आधी सांगितलं की दिशा चुकते आहे, फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवा. तिने फिरवला. शेजारी बसलेल्या जोडप्याने तिच्याकडे पाहिलं. मग ॲप स्थिरावलं, आणि तिने ते पलीकडच्या डोंगराच्या अंगाला धरलं, ईशान्येला, जिथे एकच एक तारा ठसठशीत उगवून आला होता. नाव आलं: ब्रह्महृदय. म्हणजे बाबांचा ध्रुव. तिने फोन हळूहळू डावीकडे नेला, नायगावच्या दिव्यांच्या वर. तिथे काहीच नव्हतं, नुसता धुरकट अंधार, आणि त्या अंधारावर ॲपने एक बारका ठिपका काढून लिहिलं होतं: ध्रुव. सोमवारी सांगायचं ते तिने मनात जुळवलं. तिसरं उपयुक्त. अचूक. फोन खाली वळवला तरी ते थांबत नव्हतं, जमिनीच्या आरपार, तिच्या चपलांच्या खाली, अमेरिकेच्या बाजूचे तारेही दाखवत होतं. भिंत, छप्पर, जमीन, त्याला कशाचीच आडकाठी नव्हती. जिला एवढं सगळं दिसतं अशी वस्तू मुलांच्या हातात द्यावी का, असं काहीतरी तिला वाटून गेलं आणि ती उठली.

घरी जितेश अजून आला नव्हता. बाबा दिवाणावर बसले होते, कपडे बदललेले, केस विंचरलेले. दिवाणावर निळी चादर होती. त्यांनी तिला पाणी आणून दिलं, हे ते कधी करत नसत. मग समोर बसून म्हणाले, "आज एक भानगड झाली गो."

"काय?"

"ते इवलंसं इमान असतं ना, गुणगुण करणारं. ते गच्चीवर आलेलं. सरळ खाली, तोंडावर. कोणाचं असेल?"

"तुम्ही गच्चीवर कशाला गेला होतात?" असं तिने विचारलं आणि विचारतानाच तिला स्वतःची किळस आली.

"सहज. ऊन खायला." ते टीव्हीकडे बघत होते. "पण बरं नाही हे. बायका कपडे वाळत घालायला जातात. कोणी कशी असते, कोणी कशी. सोसायटीत सांगायला हवं. तुझ्या शाळेत कळतं ना त्यातलं कोणाला? विचार जरा, हे चालवायला परवानगी बिरवानगी असते का. असं कोणाच्या पण गच्चीवर..." ते थांबले. पुन्हा म्हणाले, "बायकांसाठी म्हणतो मी."

"विचारते," संचिता म्हणाली, आणि त्याच वेळी तिच्या पर्समध्ये फोन वाजला. शिक्षकांच्या ग्रुपवर हेमालीने व्हिडिओ टाकला होता. रेकॉर्डिंग चालू होतं हे तिला आठवलंच नव्हतं. खाली लिहिलं होतं, अवर फर्स्ट फ्लाइट, अँड अवर फर्स्ट दुश्मन, आणि हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. अल्पेश सरांनी त्यांचा विनोद आता लिहून पुन्हा केला होता. मॅडमनी बदाम टाकला होता. आणि कोणीतरी विचारलं होतं, शाळेच्या पेजवर घ्यायचा का, पालकांना आवडेल. ती स्वयंपाकघरात गेली. व्हिडिओ लावला. आवाजही आला होता, पण बाबांच्या बाजूचा नाही, फोनजवळचा: हेमालीचं हसू, सरांचं हसू, आणि मग तिसरं, तिचं. तिने स्वतःला हसताना कधी ऐकलं नव्हतं. जाड, खुशीचं, कोणाच्याही घरात खपून जाईल असं हसू.

तिने हेमालीला फोन लावला.

"हेमाली, तो व्हिडिओ काढ ना ग्रुपवरून."

"अरे, केम? का काढू? सगळ्यांना आवडलाय. मॅम पेजवर टाकायला सांगतायत."

"नको. म्हणजे नियम असतात ना. कोणाला न विचारता असं... प्रायव्हसी."

"ते अंकल कुठे शाळेचं पेज बघणार आहेत? त्यांना पत्ताही लागणार नाही. तू फालतू टेन्शन घेतेस."

स्वयंपाकघराला दार नव्हतं, नुसता पडदा. बाहेर टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. संचिताने नळ सोडला, वाहत्या पाण्याकडे बघत राहिली, आणि मग तिला कळलं की आपण नळ का सोडला. तिने तो बंद केला.

"ते माझे बाबा आहेत," ती म्हणाली.

मग हेमाली अगदी हळू म्हणाली, "पण संचिता, तू पण तर हसत होतीस."

"हो."

"मी काढते. आता काढते. सॉरी यार. सरांनापण सांगते."

"सांगू नकोस. नुसता काढ," ती म्हणाली, आणि मग, "नाही, सांग. सांग त्यांना."

पडद्याबाहेर बातम्या कधी बंद झाल्या होत्या कोण जाणे. ती बाहेर आली तेव्हा टीव्हीचा पडदा काळा होता आणि बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, दवाखान्यात बसतात तसे, पाठ न टेकता. ती उभी राहिली. बसायला हवं होतं, पण दिवाणावर त्यांच्या शेजारी बसणं आता जमेना आणि खुर्ची ओढणं फार आवाजाचं झालं असतं.

"तुझ्या शाळेचं होतं ते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तूच चालवत होतीस?"

"हो, बाबा."

त्यांनी मान डोलावली. "चांगलं चालवतेस," ते म्हणाले. "वारा होता वर. पण हललं नाही जरा पण." त्यात टोमणा नव्हता. तिने त्यांच्या चेहऱ्यात शोधून पाहिला, मिळाला असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं. किंवा तिला काहीतरी द्यायचं होतं आणि हातात एवढंच होतं. ती वाट पाहत राहिली की आता ते विचारतील, आणि विचारलं तर काय सांगायचं हे तिला ठाऊक होतं, ती हो म्हणणार होती, सगळं सांगणार होती, हसण्याचं, छे म्हणण्याचं. ते म्हणाले, "जितेशरावांना उशीर होणार असेल तर भात नंतर लाव." आणि उठून बाथरूममध्ये गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

रविवारी सकाळी मोगऱ्याचा वास होता. संचिताने तो फवारा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला, मग वाटलं ते बघतील आणि त्याचाही काही अर्थ लावतील, म्हणून बाहेर काढून पुसून पुन्हा जागेवर ठेवला. दुपारी जितेश पेपर वाचत असताना तिने त्याला बेडरूममध्ये बोलावून हळू आवाजात सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं गं." "म्हणजे?" "दिवाळीत एकदा पहाटे उठलो होतो, ते गादी उलटी करत होते. मी परत आत गेलो." "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तू चिडशील असं वाटलं. त्यांच्यावर." तो अगदी साधेपणाने म्हणाला, पुन्हा पेपरकडे वळला. संचिता पलंगाच्या कडेवर बसून राहिली. घरातल्या दोन्ही पुरुषांनी, एकमेकांशी एक शब्द न बोलता, आपल्याला सांभाळून घेतलं होतं.

सोमवारी संध्याकाळी ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन निघाली. डॉक्टर तिने मीरा रोडचे शोधले होते. रिक्षात बसल्यावर बाबा म्हणाले, "भाईंदरात नाही का कोणी?"

"हे चांगले आहेत. सगळे म्हणतात."

"बरं," ते म्हणाले, आणि बाहेर बघायला लागले. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, कडक कॉलरचा, आणि गळ्याशी तो आता सैल होत होता. त्यांना कळलं होतं. पॉलिशवाला असून ऑफिसातला दिसणाऱ्या माणसाला कळणारच, एखादी गोष्ट ओळखीच्या गल्लीबाहेर नेऊन करणं म्हणजे काय ते.

दवाखाना भरलेला होता. काउंटरवर एक तरुण पोरगा होता, मान वर न करता विचारणारा. "अंकल, तकलीफ क्या है?" संचिताने पुढे होऊन काही म्हणायच्या आत, कदाचित ती म्हणाली असती की डॉक्टरांनाच सांगतो, बाबा म्हणाले, "नींद में पेशाब होता है." त्यांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून ते नेहमीच मोठ्याने बोलतात. पंख्याच्या आवाजावरून ते शब्द सगळ्या खुर्च्यांपर्यंत गेले. "मालूम नहीं पडता. सुबह मालूम पडता है." ते सरळ उभे होते, हात काउंटरवर, वर्गात धडा म्हणणाऱ्या मुलासारखे. आणि संचिताने काय केलं, तर आधी मागे वळून पाहिलं. कोणाकोणाला ऐकू गेलं ते. बघून झाल्यावर तिने बाबांकडे पाहिलं, तर ते तिच्याकडेच बघत होते.

दोघं भिंतीलगतच्या खुर्च्यांवर जाऊन बसली. ती काहीतरी बोलायचं शोधत होती, साधंसं, पाण्याची बाटली आणलीय का वगैरे, तेवढ्यात दार उघडून एक बाई आत आली, मोबाइल कानाला, आणि संचिताला बघून तिचा चेहरा उजळला. "अरे टीचर, तुम्ही इथे? मी इशिताची मम्मी. आठवीतली इशिता." ती जवळ आली. इशिताचे विज्ञानाचे मार्क, नवीन ड्रोनबद्दल मुलं किती एक्साइट झालीत, आकाशदर्शनाला पालक आले तर चालतील का, आणि कोणतं ॲप घ्यायचं ते आधी कळलं तर बरं, असं एका दमात विचारून झाल्यावर तिने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "कोणाला दाखवायला आलात?"

शेजारची खुर्ची हलकी झाल्यासारखं संचिताला वाटलं. बाबा उठले होते. घाईने नाही, पाय मोकळे करायला उठावं तसे. समोरच्या रांगेपर्यंत चालत गेले, पाठमोरे, आणि दोन अनोळखी माणसांच्या मधली खुर्ची पाहून तिथे बसले. तिथेच पडलेला हिंदी पेपर उचलून तोंडासमोर धरला. चष्मा तिच्या पर्समध्ये होता. त्याशिवाय त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. "असंच, जरा," संचिता त्या बाईला म्हणत होती. तिला आपला आवाज ऐकू येत होता. पेपर समोर स्थिर होता, जराही हलत नव्हता. बाई काहीतरी बोलत होती, तिच्या सासूच्या गुडघ्याचं, आणि संचिता हुंकार देत होती, आणि पेपरच्या वरच्या कडेला दिसणाऱ्या त्या विंचरलेल्या पांढऱ्या केसांकडे बघत होती.

काउंटरवरच्या पोराने हाक मारली. "हरिश्चंद्र! हरिश्चंद्र कौन है? साथ में कौन आया है?"

बाबांनी पेपर खाली केला. उठताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "अकेला है," ते म्हणाले.

संचिता उभी राहिली. इशिताची आई बोलता बोलता थांबली. सगळे बघत होते, किंवा कोणीच बघत नव्हतं. "मी आहे," ती म्हणाली, "मुलगी," पण आवाज इतका बारीक आला की काउंटरवरच्या पोराने कपाळाला आठी घालून तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "कौन?"

तिला ते पुन्हा म्हणावं लागलं.